लापशीवाला येलेमिया

मिशनच्या करवत गिरणीत निलगिरीचा ओंडका येलेमियाच्या अंगावर घरंगळला, त्यात चूक त्याचीच होती. पाचर न ठोकता तो उताराच्या बाजूला उभा राहिला होता, आणि हे तो आपल्या तोंडानेच सगळ्यांना सांगायचा. तीन महिने दवाखान्यात पाठीवर पडून काढले. उठला तेव्हा चालता येत होतं, पण मक्याच्या पिठाचं अर्धं पोतं जरी उचललं तरी कंबरेतून निघालेली कळ थेट टाचेपर्यंत जायची. सुतारकामाखेरीज त्याला दुसरं काही येत नव्हतं.

पहिली खुली निवडणूक झाली त्याच्या पुढच्या वर्षीची ही गोष्ट. चर्चचे पाळक, आबुसा काचाले, त्याच्या अंगणात येऊन बसले.

"येलेमिया, तुला कामावरून काढायचं माझ्या मनात नाही," ते म्हणाले. "पण रंधा मारणं आता तुला झेपायचं नाही. चर्चच्या मागे आपण बालवाडी काढलीय ना, तिथल्या पोरांना सकाळी लापशी लागते. ती शिजवशील?"

येलेमियाने टोपी हातात फिरवली. "लापशी ढवळायला कंबर लागत नाही का, आबुसा?"

"उभ्याने ढवळ. चूल उंच बांधून घे."

त्याने चूल उंच बांधली. हातभर लांबीचा लाकडी पळा स्वतःच तासून केला, आणि सोमवारपासून तो चाळीस पोरांची लापशी शिजवू लागला.

गावात हशा पिकला. आमच्याकडे लग्न झालं की नवराच बायकोच्या गावी नांदायला जातो, त्यामुळे घरजावई म्हणून कोणी कोणाला हिणवत नाही. पण जावयाने कुऱ्हाड चालवावी, घर शाकारावं, मक्याचं कोठार विणावं. चुलीपुढे उभा राहिलेला जावई काफुलू गावाने पाहिला नव्हता. सगळ्यांत जास्त बोलायचा तो जायलोसी. येलेमियाची बायको एनेलेसी, तिच्या मावशीचा हा थोरला मुलगा. घरातल्या बहिणींचा कर्ता भाऊ आणि त्यांच्या मुलांचा कर्ता मामा तोच, म्हणून लग्नानंतरही तो आपल्याच गावात राहिला होता.

"काय जावईबुवा, आज मीठ बरोबर पडलं का?" तो वाटेत गाठून विचारायचा. "माझ्या बायकोला बरं नाही. संध्याकाळी येता का जरा, दोन घास शिजवून द्यायला?"

"येतो की," येलेमिया म्हणायचा. "पण मी शिजवलेलं फक्त पाच वर्षांखालची माणसं खातात. तुमचं वय किती?"

बाकीचे हसायचे. जायलोसीही हसायचा, पण पुढच्या खेपेला टोमणा आणखी धारदार करून आणायचा. एनेलेसी मात्र आता बायकांच्या घोळक्याबरोबर हापशावर जाईनाशी झाली. उन्हं चढली, बाया पांगल्या, की एकटीच बादली घेऊन निघायची. येलेमियाच्या हे लक्षात आलं होतं.

त्याच सुमारास सरकारने प्राथमिक शाळा फुकट केल्या आणि शिक्षकांची टंचाई पडली. बालवाडीची शिक्षिका लव्हनेसी सरकारी नोकरी मिळताच एका शुक्रवारी ट्रंक घेऊन बसने गेली. दुसरी मिळेपर्यंत बालवाडी बंद ठेवू, असं आबुसांनी रविवारी उपासनेनंतर जाहीर केलं. पण चार वर्षांच्या पोरांना जाहीर केलेलं काय कळणार? सोमवारी सकाळी सगळी आपापले प्लास्टिकचे पेले घेऊन हजर.

येलेमियाने पोरांकडे पाहिलं, पिठाच्या पिंपात पाहिलं आणि चूल पेटवली. लापशी शिजायला तास लागतो. तेवढ्या वेळात दोन पोरं आंब्याच्या झाडावर चढली, एकीने दुसरीच्या डोळ्यात माती टाकली, आणि एक जण सरळ रस्त्याच्या दिशेने चालू लागला. येलेमियाने घरी जाऊन आपली हत्यारांची पेटी आणली आणि सगळे खिळे चटईवर ओतले.

"हे बघा," तो म्हणाला, "माझ्या खिळ्यांची भांडणं झालीयत. लांब खिळे म्हणतात, आम्ही बुटक्यांशेजारी बसणार नाही. लावा त्यांना वेगवेगळे."

पोरं वाकली. चटईवर अशी शांतता पसरली की लापशीचे बुडबुडे ऐकू येऊ लागले.

दुसऱ्या दिवशी त्याने करवत गिरणीतले उरलेसुरले तुकडे आणले, कडा घासून गुळगुळीत केल्या. तिसऱ्या दिवशी ओढ्याकाठची माती आणली आणि पोरांनी बैल, बकऱ्या, एक ट्रक आणि आबुसा काचाले केले. गाणी त्याला येत नव्हती, म्हणून लाकूड ओढताना गडी म्हणतात ती तो म्हणायचा. त्यातले नको ते शब्द वगळून. एकदा एक वगळायचा राहिला, तर तो शब्द संध्याकाळपर्यंत गावभर झाला आणि चर्चच्या महिला मंडळाच्या बायका त्याच्या दारात उभ्या राहिल्या.

"येलेमिया बाम्बो," मंडळाची अध्यक्षीण म्हणाली, "तुम्ही लापशी करता ते ठीक. पण पुरुषाच्या हाती पोरं सोपवायची, हे आमच्या मनाला पटत नाही."

"माझ्याही नाही पटत, मायी," तो म्हणाला. "तुमच्यापैकी कोणी येत असेल तर मी उद्यापासून चुलीपुढनं हलणार नाही."

बायका एकमेकींकडे बघू लागल्या. शेंगा काढायचे दिवस होते, हात रिकामे कुणाचेच नव्हते. शेवटी असं ठरलं की रोज एकीने आळीपाळीने येऊन नुसतं बसायचं, लक्ष ठेवायला. महिनाभर त्या आल्या. मग हळूहळू यायच्या बंद झाल्या. त्यांच्या येण्याचा येलेमियाला राग नव्हता. माझं मूल असतं तर मीही आलो असतो, असं तो म्हणायचा. त्याला आणि एनेलेसीला मूल नव्हतं. दोन झाली होती, दोन्ही वर्षाच्या आत गेली होती.

पुढच्या जूनमध्ये मिशनने त्याला बालशिक्षणाच्या वर्गाला पाठवलं. सत्तावीस बायका आणि हा एकटा. सगळ्यांना एकाच कापडाचे, झालर लावलेले गुलाबी एप्रन दिले होते. त्यानेही तो बांधला, बेडूकउड्या मारल्या, कंबर धरून खाली बसला, आणि तीन आठवड्यांनी सही-शिक्क्याचं प्रमाणपत्र घेऊन गावी आला. एनेलेसीने ते प्रमाणपत्र दोनदा वाचलं, गादीखाली ठेवलं आणि म्हणाली, "तो एप्रन मात्र तिथेच ठेवून आलात ना?"

"ठेवून आलो."

"बरं केलंत."

तियांजाने नावाची पोर बालवाडीत आली ती जानेवारीत, घरोघरी कोठारं रिकामी होतात त्या दिवसांत. जायलोसीच्या बहिणीची ही मुलगी. तिची आई तंबाखूच्या मळ्यावर नव्या नवऱ्याबरोबर राहायची, आणि मुलगी आजीपाशी, म्हणजे जायलोसीची आई नाबांडा म्हातारी हिच्यापाशी. पोर पाच वर्षांची होऊन गेली होती, पण एक शब्द बोलत नव्हती. नाबांडाने तिला पेल्यासकट आणून सोडलं.

"हट्टी आहे बघ," म्हातारी म्हणाली. "हाक मारली तर येत नाही. नको म्हटलं की तेच करते. मामाने झोडपून पाहिलं. हिची जीभ कुणीतरी बांधलीय म्हणतात. निदान पोटात काहीतरी पडू दे."

"बसू दे, आगोगो," येलेमिया आजीला म्हणाला.

पोर बसली. इतरांनी पहिल्याच दिवशी तिला मुकी म्हणून टाकलं. ती कुणाच्या अध्यातमध्यात नसे. पण खिळे लावण्यात तिचा हात कोणी धरू शकत नव्हतं. लांबी तर लांबी, जाडीसुद्धा ती वेगळी काढायची. येलेमियाने गोष्ट सांगायला घेतली की मात्र ती गोष्टीकडे न बघता बाकीच्या पोरांच्या तोंडाकडे बघायची. पोरं हसली की हीसुद्धा हसायची, जराशी मागाहून.

हे मागाहून हसणं येलेमियाला खटकलं.

लापशी झाली की तो झाडाला टांगलेल्या रेल्वेच्या रुळाच्या तुकड्यावर लोखंडी कांब मारायचा. तो टणत्कार ओढ्यापलीकडेही ऐकू जायचा. एका सकाळी तियांजाने रुळाकडे पाठ करून मातीत रेघोट्या मारत होती. त्याने कांब मारली. सगळी पोरं उठून धावली. ती तशीच बसून होती. धावणाऱ्या पोरांचे पाय दिसले तेव्हा तिने मान वर केली, आणि पेला उचलून त्यांच्यामागे पळाली.

त्या दिवशी त्याचं चित्त कशातच लागेना. दुपारी तो एक बाकडं दुरुस्त करत होता आणि पोर बाकड्याच्या दुसऱ्या टोकाला बसली होती, पाठ त्याच्याकडे करून. त्याने खिळा ठोकला मात्र, ती गर्रकन वळली. मग तिने दोन्ही तळवे बाकड्यावर पसरून ठेवले आणि त्याच्याकडे पाहू लागली: हं, मार. त्याने पुन्हा ठोकला. तिचा चेहरा असा फुलला की त्याने उगाचच, गरज नसताना, आणखी चार खिळे ठोकले.

आठवडाभर त्याने तिला नाना तऱ्हांनी पारखलं. मागून डबा वाजव, टाळी वाजव, नाव घेऊन ओरड. शेवटी तो नाबांडाकडे गेला.

"आगोगो, पोर हट्टी नाही. तिला ऐकूच येत नाही."

म्हातारीने सूप खाली ठेवलं. "ढग गडगडले की घाबरते ती. येऊन बिलगते मला."

"जमीन थरथरते ना, ते तिला कळतं. मिशनच्या दवाखान्यात दाखवू या. मी सायकलवर नेतो."

"जायलोसीला विचारायला हवं. मामा आहे तो."

"विचारा."

"नको म्हणेल," म्हातारी म्हणाली. बराच वेळ ती शेंगांची टरफलं नखाने खरवडत बसली. मग म्हणाली, "तो उद्या बाजाराला जाणार आहे. उद्याच ने."

येलेमियाने नेलं. इथे तो चुकला, आणि चुकतोय हे त्याला ठाऊक होतं. दुसऱ्याच्या कुळातलं मूल मामाला न विचारता गावाबाहेर न्यायचं म्हणजे लहानसहान गोष्ट नव्हे, तेही एका जावयाने. दवाखाना अडतीस किलोमीटरवर. चढावर उतरून सायकल ढकलताना कंबरेने त्याला देव आठवायला लावला. पोर मागे बसून त्याच्या पाठीवर गाल टेकून होती. तो गुणगुणत होता, आणि ते तिला पाठीतून कळत असावं, कारण तो थांबला की ती पाठीवर थाप मारायची.

डॉक्टरीणबाईंनी कानात दिवा घालून पाहिलं, काट्याच्या आकाराची लोखंडी पट्टी वाजवून पाहिली. पोर दीड वर्षाची असताना तिला जबर ताप आला होता, झटके आले होते, हे नाबांडाने सांगून ठेवलं होतं. त्या तापात कान गेले, बाई म्हणाल्या. औषध नाही. पण बहिऱ्या मुलांची एक निवासी शाळा आहे, कॉन्व्हेंटच्या सिस्टर चालवतात. तिथे हातांनी बोलायला शिकवतात, लिहायला शिकवतात. सहाव्या वर्षी घेतात.

ते दोघं परतले तेव्हा जायलोसी गावाच्या वेशीवरच उभा होता. त्याने काही न बोलता पोरीला सायकलवरून उचललं आणि घेऊन गेला. दुसऱ्या दिवशी येलेमियाला गावाच्या म्फुमूपुढे उभं राहावं लागलं.

आमची म्फुमू म्हणजे गावाची प्रमुख, सत्तरीची बारकी बाई. वडाखाली वेताच्या खुर्चीवर बसली होती. निम्मं गाव जमलं होतं.

"माझं मूल यांनी पळवलं," जायलोसी म्हणाला. "लापशी शिजवता शिजवता यांना वाटायला लागलं, पोरं यांचीच. स्वतःला नाहीत, म्हणून दुसऱ्यांची न्यायची."

हे बोलणं गावालाही जास्त झालं. कोणीतरी 'च्च' केलं. येलेमिया खाली बघत होता.

"विचारायला हवं होतं," तो म्हणाला. "नाही विचारलं. माझं चुकलं."

"चुकलंच," म्फुमू म्हणाली. "एक कोंबडी दे. काळी नको, ती मला चालत नाही. आता पोरीचं काय ते बोला."

"बोलायचं काय?" जायलोसी म्हणाला. "कान आहेत तिला. दोन आहेत, मी मोजलेत. हिला तिकडे सिस्टरांकडे पाठवा म्हणतात! पोर गेली की परत येईल का? खोड्या आहेत तिच्या, दुसरं काही नाही."

तेव्हा बायकांच्या बाजूने एनेलेसी उठली. गेल्या दोन वर्षांत ती चारचौघांत तोंड उघडायची नाही, त्यामुळे सगळे गप्प झाले. तिने कंबरेला गुंडाळलेलं कापड, चितेंजे, घट्ट खोचलं.

"जायलोसीदादा," ती म्हणाली, "तू तिला हाक मार."

"काय?"

"पोर तिथे आजीपाशी बसलीय, तिकडे तोंड करून. तू मागे उभा राहा. पाय आपटू नको. नुसती हाक मार."

जायलोसीने म्फुमूकडे पाहिलं. तिने हाताने खूण केली: मार हाक. तो तियांजानेच्या मागे सातआठ पावलांवर जाऊन उभा राहिला.

"तियांजाने," तो म्हणाला.

पोर दाणे काढलेल्या कणसाच्या बाहुलीला चिंधी गुंडाळत होती.

"तियांजाने! इकडे ये." आवाज चढला. वडावरची पाखरं उडाली. कुणाचं तरी तान्हं रडायला लागलं. पोरीने गाठ मारली, ती सुटली, पुन्हा मारली. जायलोसी आणखी जवळ गेला. वाकून अगदी तिच्या डोक्यावर तो जिवाच्या आकांताने ओरडला. त्याचा श्वास मानेला लागला तशी ती दचकून वळली, मामाला पाहिलं आणि पटकन दोन्ही हात डोक्यावर घेऊन अंग चोरून बसली.

जायलोसी तसाच उभा राहिला. मग तो तिच्यापुढे मातीत बसला. ती हात खाली घ्यायला तयार नव्हती.

"मी मारलंय हिला," तो म्हणाला. तो कुणाला सांगत होता ते कळत नव्हतं. "पाणी आण म्हटलं, आणलं नाही म्हणून मारलं. परवासुद्धा." नाबांडाने चितेंजेचं टोक तोंडावर घेतलं. मग जायलोसीने मान वर न करताच विचारलं, "ती शाळा कुठे आहे?"

"दोन बस बदलाव्या लागतात," येलेमिया म्हणाला.

"मी येईन बरोबर."

सप्टेंबरात ते तिघं गेले. जायलोसीच्या डोक्यावर गादीची वळकटी, येलेमियाच्या हातात पेटी; ती त्याने स्वतः केली होती, झाकणावर तिच्या नावाऐवजी खिळ्यांनी एक कोंबडी काढून. शाळेच्या अंगणात पन्नासेक पोरं हातवारे करत होती, आणि एवढी पोरं असून गलका नव्हता. तियांजाने फाटकाशी थबकली. तिने ते हात पाहिले. मग येलेमियाच्या मुठीतलं आपलं बोट सोडवून घेतलं आणि सरळ आत गेली. निरोप घ्यायला ती वळेल म्हणून दोघं फाटकाशी उभे राहिले. ती वळली नाही.

"गेलीच की," जायलोसी म्हणाला.

परतीच्या बसमध्ये येलेमिया खिडकीबाहेर बघत राहिला. असंच व्हायला हवं होतं, हे त्याला पटत होतं, आणि तरी तिचं बोट सुटलेली मूठ त्याने अजून उघडली नव्हती. जायलोसीने थांब्यावर दोन उकडलेली अंडी घेतली, एक सोलून त्याच्या हातावर ठेवलं. त्या दिवशी त्याने लापशीचं नाव काढलं नाही.

नाताळच्या सुट्टीत तियांजाने आली ती हातांनी अखंड बडबडत. कोणालाच काही कळेना. रागावून ती सरळ बालवाडीत गेली आणि येलेमियाला शिकवायला बसली. पाणी, आजी, भूक, बकरी. त्याने बकरी केली की ती पोट धरून हसायची. त्याचा हात जे सांगत होता ते बकरी नव्हतं खास. काय होतं ते तिने कधीच सांगितलं नाही. बालवाडीतल्या पोरांना मात्र चार दिवसांत सगळं यायला लागलं, आणि तियांजानेला काय हवं-नको ते तीच पोरं दुभाषी होऊन आजीला सांगू लागली. जायलोसी लांबून बघायचा. एक दिवस त्याने तिला पाण्याची खूण करून दाखवली, चुकतमाकत. तिने तांब्या आणून दिला. तो पाणी पिऊन बराच वेळ रिकामा तांब्या घेऊन बसून होता.

मारलेलं ती विसरली नाही. मोठी झाल्यावरही मामा भरकन जवळ आला की तिचे खांदे वर यायचे. जायलोसी मग लांबूनच, समोरून, हळू चालत यायला शिकला.

येलेमियाचं नाव बालवाडीला चिकटलं ते चिकटलंच. मिशनने पुढे त्याच्यावर आसपासच्या अकरा गावांतल्या बालवाड्या सोपवल्या. तो सायकलने जायचा, कंबर दुखली की उतरून ढकलायचा. नव्या बाईला पहिलं काम तो एकच सांगायचा: वर्ष सुरू झालं की प्रत्येक पोराच्या मागे उभं राहून काहीतरी वाजवा. अशी आणखी तीन मुलं सापडली. त्यातलं एक वेळेवर सापडलं नव्हतं, नऊ वर्षांचं होऊन गेलं होतं. त्याच्या आईबापांनी पाठवायला साफ नकार दिला, आणि येलेमिया कितीदा गेला तरी दार उघडलं नाही. त्या गावावरून जाताना तो अजून मान खाली घालतो.

एनेलेसी आता बायकांबरोबर हापशावर जाते. तिने कधी तसं बोलून दाखवलं नाही, पण मंडळात कोणी नवी बाई आली आणि तुमचे मालक काय करतात असं विचारलं, तर ती म्हणते, "शिकवतात." आणि मग, कोणी विचारलं नाही तरी, "लापशीही छान करतात."

गेल्या जानेवारीत, प्रवेशाच्या पहिल्या सकाळी, जायलोसी बालवाडीच्या फाटकाशी आला. केस पिकलेत त्याचे. त्याने आपल्या मुलीच्या मुलाला मनगटाला धरून आणलं होतं. पोरगं जमिनीवर पाय घासत, ओरडत, पेला आपटत येत होतं.

"याच्या मागे वाजवून बघायची गरज नाही," जायलोसी म्हणाला. "मी घरी डबा वाजवून बघितलाय. ऐकू येतं याला. ऐकत नाही, एवढंच."

"मग बरोबर जागी आणलंत," येलेमिया म्हणाला, आणि त्याने पोराच्या हातातला पेला घेतला.